पेंग्विन नाचात चौथी उडी नाही

मा. संपादक,

लग्नातल्या नाचांवरील आपल्या पुरवणीत रुमानियातल्या पेंग्विन नाचाला ‘प्राचीन लोकनृत्य’ म्हटले आहे. तिथल्या लग्नांत तो रंगतो हे खरे, पण पावले फिनलंडच्या ‘लेटकिस’ या एकामागे एक रांगेने करायच्या नाचाची आहेत आणि त्याची धून रौनो लेहटिनेन यांनी १९६३ साली बांधली. रुमानियाचा जुना खेळकर नाच हवा असेल तर ‘पेरिनित्सा’, म्हणजे छोटी उशी. रिंगणातला माणूस कुणाच्या तरी गळ्यात रुमाल टाकून त्याला आत ओढतो, दोघे गुडघे टेकून मुका घेतात आणि रुमाल नव्या माणसाकडे जातो.

मोठी चूक मात्र मोजणीत आहे. पेंग्विन नाचाचे आवर्तन १६ मात्रांचे. उजवा पाय बाजूला टाकून जवळ घ्यायचा, असे दोनदा, चार मात्रा. डाव्याचेही तसेच. (आधी डावा घेतला तरी चालतो, फक्त सगळ्या रांगेने एकच घ्यावा.) मग पाय जोडून एक उडी पुढे, एक मागे, प्रत्येकी दोन मात्रा. शेवटी पुढे तीन उड्या, प्रत्येकी एक मात्रा, आणि सोळावी मात्रा रिकामी. आपण तिथे चौथी उडी छापलीत! ती मारणारा पुढच्याच्या पाठीवर आदळतो, आणि तोल सावरेपर्यंत पहिल्या पायाची वेळ निघून जाते.

टक्कर होण्याची दुसरी जागा मागची उडी. पुढचा मागे येतो तेव्हा मागचा अजून पुढेच जात असला की संपलेच. म्हणून अंतर हातभर आणि उडी वीतभर. पुढची-मागची उडी फिटंफाट होते, म्हणजे रांग आवर्तनाला तीनच विती सरकते. छोट्या हॉललाही ते पुरते.

पेंग्विनचा थाट हातांत आहे: दंड अंगाला चिकटलेले, तळवे बाहेर वळवून जमिनीला समांतर. नवख्यांनी मात्र आधी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावेत, ताल हातांतून कळतो. भार टाकू नये, नाहीतर पुढच्याला उडीच घेता येत नाही. वाजवणारे लय वाढवू लागले की उडी आणखी लहान करावी. आणि पुढाऱ्याने वळायचे ते शेवटच्या तीन उड्यांतच. पाय टाकताना वळला तर मागच्याची नडगी सुजलीच म्हणून समजा.

आपले,
लोकनृत्य शिकवणारे दोन वाचक, पुणे