सूचना : ग्रेडिंगच्या (व्हिडिओचे रंग-उजेड सुधारण्याच्या) सत्रासाठी फुटेज आणताना

मंडळी, रविवारच्या सत्राला फुटेज हार्ड डिस्कवरच आणा. व्हॉट्सॲपवरून आलेली क्लिप घेणार नाही. ती आधीच दाबून लहान केलेली, पिळून निघालेली असते.

रॉ (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेला रंगांचा तोल) नंतर निवांत बदलता येतो, कारण तो चित्रात मुरलेला नसतो. जास्त उजेडाने पूर्ण पांढरं पडलेलं, म्हणजे जळलेलं आकाश मात्र रॉमधूनही परत येत नाही.

८-बिट एच.२६४ (फाइल दाबून लहान करणारा व्हिडिओचा प्रकार) मध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या मिळतात, १०-बिटमध्ये १०२४. त्यात ४:२:० (रंगाची माहिती कमी करून साठवण्याची पद्धत) असेल तर रंगाची माहिती चार पिक्सेलमागे एकदाच नोंदली जाते. ८-बिटमध्ये पायऱ्या कमी, म्हणून ग्रेडमध्ये संध्याकाळचं आकाश जरा ताणलं की पट्टे उमटतात. ८-बिटमध्ये लॉग (ग्रेडसाठी मुद्दाम फिकं ठेवलेलं चित्र) शूट करूच नये, असं माझं मत (मागच्या वेळी माझीच क्लिप अशी फाटली). अशा क्लिपचं प्रोरेस (एडिटसाठीचा मोठ्या फाइलचा व्हिडिओ प्रकार) करून आणलंत तर फाइल फुगेल, रंग वाढणार नाहीत.

एडिटला प्रॉक्सी (मूळ फुटेजची हलकी प्रत) चालेल. ग्रेडच्या आधी रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ फाइल जोडली आहे ना, तेवढं बघा. कार्डवरचं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करा, नावं बदलू नका.

रॉवाल्यांनी डिस्कमध्ये किती जीबी फुटेज आहे ते शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.