बर्फावरचा मांगर

मालवण
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. बंडू यास अण्णांचे अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आपले बोलणे जिथे तुटले तिथून पुढे मी काही लिहू नये, असे तुझ्या आईचे मत आहे. तिचे म्हणणे असे की तू बत्तीस वर्षांचा आहेस, दोन मुलींचा बाप आहेस, आणि जिथे मी एकही हिवाळा काढलेला नाही तिथे तू अकरा काढलेस. हे सगळे खरे आहे. तरीही लिहितो, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि कागदावर तो ऐकू येत नाही. ताईची मुलगी या पानांचे फोटो काढून तुला आज रात्रीच पाठवील.

आधी कामाविषयी. मिनेसोटाच्या गोठलेल्या तळ्यावर मुक्काम करून मासे गरवायला तू जे घर बांधले आहेस, त्याचे फोटो मी एकेक मोठा करून पाहिले. आठ फूट रुंद आणि वीस फूट लांब खोली, खाली लोखंडी सांगाडा, चाके वर उचलून सगळे घर बर्फावर टेकवायची सोय, तळाला आठ भोके आणि प्रत्येकाला झाकण, दोन्ही अंगांना बाक आणि त्यांवर रात्री फळ्या टाकून बिछाने. तिसऱ्या फोटोत तू कोपऱ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून ठेवला आहेस, आणि गुण्या व भिंत यांच्यामध्ये उजेडाची रेघसुद्धा दिसत नाही. आयटीआयमध्ये मी पोरांना एकतीस वर्षे हेच सांगत आलो की गुण्याआडून उजेड दिसला तर काम पुन्हा करा. त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ते मनावर घेतले, आणि ज्याला मी कधी पटाशी नीट धरायलाही शिकवले नाही, ज्याने आयुष्यभर कॉम्प्युटरसमोर बसून काम केले, त्या तुझ्या हातून ते झाले. तो फोटो मी बाजारात दोघा-तिघांना दाखवला, हे आईने तुला सांगितलेच असेल. बर्फाला भोक पाडायच्या यंत्राला तू काही इंग्रजी नाव सांगितलेस. ते आपले गिरमीटच आहे, फक्त आठ इंचांचे आणि बॅटरीवर फिरणारे.

तुला वाटत असेल की म्हाताऱ्याला बर्फ फुटण्याची भीती वाटते. पहिले आठ दिवस वाटली, हे कबूल करतो. बेचाळीस फूट खोल तळ्याच्या मधोमध माझ्या नाती उड्या मारणार, हे ऐकून कोकणातल्या माणसाला झोप कशी येईल? पण मग मी मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचे कोष्टक ताईच्या मुलीकडून उतरवून घेतले. पायी चालणाऱ्या माणसाला चार इंच, लहान मोटारीला नऊ ते दहा इंच, आणि चाकांचे घर ओढणाऱ्या जड ट्रकला वीस इंच किंवा अधिक. हे सगळे नव्या, नितळ, टणक बर्फाचे आकडे, आणि बर्फ पांढरा असेल तर त्यांच्या दुप्पट. तुझ्या घराचे वजनही मी मांडून पाहिले. बाहेरच्या भिंतींना प्लायच्या तेरा शीट, तळाला पाच, छपराला पाच. बारा मिलिमीटरची एक शीट वीस किलोच्या आसपास धरली तरी नुसत्या प्लायचे साडेचारशे किलो झाले, आणि लोखंड, बाक, सिलिंडर व माणसे अजून निराळीच. मग तूच सांगितलेस की वीस इंचांच्या बर्फात भोक पाडले की पाणी वरच्या काठापासून दीड-दोन इंच खाली थांबते, आणि ते त्याहून वर चढू लागले तर समजायचे की बर्फ वजनाने दबतो आहे. ते ऐकल्यावर माझा जीव खाली बसला. मोजता येते त्या गोष्टीशी माणूस जमवून घेऊ शकतो. दर वेळी नव्या जागी गेल्यावर भोक पाडून पट्टी लावून मोजशील, एवढेच मला दे. बर्फाविषयी मी पुन्हा विचारणार नाही.

माझी भीती हवेची आहे.

मी रविवारी विचारले होते की हवा कुठून येणार, आणि तू हसून म्हणालास, "अण्णा, हवा आत येऊ नये म्हणूनच तर एवढा खर्च केला." मी पुन्हा विचारले तेव्हा म्हणालास की तळाला आठ भोके आहेतच. बंडू, त्या भोकांत पाणी आहे. त्यानंतर तू म्हणालास की यंदा सिलिंडरवर चालणारा, उचलून नेता येणारा हीटर वापरणार आणि भिंतीत बसवायचा, बाहेरची हवा घेऊन धूर बाहेरच सोडणारा हीटर पुढच्या वर्षी आणणार, आणि तिथे माझा आवाज चढला. सूनबाई बाजूलाच होती. तिच्यासमोर मी तुला "अक्कल" हा शब्द वापरला, त्याबद्दल मला वाईट वाटते आणि तिलाही तसे सांग.

तुला आपला व्हाळाकाठचा मांगर, ओढ्याशेजारची ती शेतातली झोपडी, आठवत असेल. मे महिन्याच्या सुट्टीत तू आणि ताई आजोबांबरोबर तिथे निजायला जायचात, आणि पहाटे व्हाळात गरी टाकून बसायचात. तू पहिला मासा गरवलास तेव्हा तो सोडून दे म्हणून रडलास आणि दुपारी त्याचेच कालवण दोनदा मागून घेतलेस. तो मांगर मी आणि आजोबांनी एका उन्हाळ्यात उभा केला. कारवीचा कूड, त्याला शेणमातीचे लिंपण, वर नळे. दर पावसाळ्यानंतर लिंपणाला भेगा पडायच्या, आणि मी सुतारकामात नवा शिकलेला असल्यामुळे त्या भेगांची मला लाज वाटायची. आजोबा म्हणायचे, राहू दे, घराला नाक हवे. त्या मांगरात आत चूल पेटवून आम्ही पावसाळ्याच्या रात्री काढल्या. धूर नळ्यांच्या फटींतून निघून जायचा, अंगाला वास यायचा, डोळे चुरचुरायचे, त्यापलीकडे कुणाला काही झाले नाही. तू बर्फावर जो बांधला आहेस तो मांगरच आहे, तेवढाच आहे, तितक्याच माणसांचा आहे. पण तुझ्या भिंतींत एका सुताचीही फट नाही, फेसाने सगळ्या खाचा बुजवलेल्या आहेत, दाराला रबराची पट्टी आहे. तुझे काम कच्चे असते तर मी निवांत झोपलो असतो.

आता जे लिहितो ते तुला ठाऊक नाही. आईने लिहू नको म्हटले आहे.

२००१ सालच्या डिसेंबरात, आपण नाशिकला होतो तेव्हा, तू शाळेतून आलास आणि शेजारच्या काकूंनी तुला आपल्या घरात जेवायला बसवले. आईला चक्कर आली म्हणून दवाखान्यात नेले आहे, असे तुला सांगितले होते. त्या वर्षी आपण न्हाणीघरात गॅसचा गीझर बसवला होता. खिडकीला काचेच्या पट्ट्यांची झडप होती आणि तीतून नाशिकचा गार वारा यायचा. आई तक्रार करायची नाही, पण आंघोळ करून आली की तिचे ओठ निळे असायचे. म्हणून मी एका रविवारी त्या खिडकीच्या मापाची प्लायची फळी कापली, चारही कडांना रंधा मारला आणि ती आत अशी बसवली की कागद सरकणार नाही. आई म्हणाली, आता बरे झाले. त्यानंतर चारेक दिवस ती डोके दुखते म्हणत होती. पाचव्या दिवशी ती आंघोळीला गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज तसाच येत राहिला, एकसारखा, मध्ये तांब्या बुडवल्याचा खंड नाही. मी हाक मारली. दार आतून लावलेले होते, कडी मीच बसवलेली होती, आणि ती तोडायला मला चार लाथा लागल्या. ती वाचली, कारण त्या दिवशी संस्थेत परीक्षा असल्यामुळे मी उशिरा निघणार होतो. एरवी त्या वेळी मी घरात नसतो.

डॉक्टरांनी नंतर मला समजावले. गॅस नीट जळायला पुरेशी हवा मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्त त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. गळक्या सिलिंडरचा गॅस आपल्याला नाकाने कळतो आणि तो जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. हा मात्र साऱ्या खोलीत मिसळून जातो. आधी डोके दुखते, मळमळते, पेंग येते, म्हणजे थंडीत दिवसभर मासे गरवून आलेल्या माणसाला जे वाटेल तेच वाटते. कुणाला संशय यायचे कारण नाही. मुलांचा श्वास आपल्यापेक्षा भरभर चालतो, त्यामुळे त्यांना ते आधी बाधते. तुझी धाकटी तीन वर्षांची आहे.

ती फळी मी टाकून दिली नाही. माझ्या कामाच्या बाकावर आहे. तिच्यावर पटाशी घासायचा दगड ठेवतो.

मी सल्ला देणार नव्हतो, पण आता देतोच. समोरासमोरच्या दोन भिंतींत चार-चार इंचांची दोन भोके पाड, एक तळापासून वीतभर वर आणि दुसरे छपराखाली, आणि त्यांना बंद करता येईल असे झाकण लावू नको, कारण झाकण असले की उणे पंचवीस अंशांच्या रात्री कुणीतरी ते लावतेच. मी लावले होते. वारा आत येऊ नये म्हणून तुम्ही लोक घराच्या चारी बाजूंनी बर्फ लोटून बांध घालता, असे तू मागे म्हणाला होतास. खालचे भोक त्या बांधाच्या वर राहील असे माप घे, आणि रात्री हिमवृष्टी झाली तर उठून बाहेरून हात घालून पाहा. हीटरला प्राणवायू कमी झाला की बंद पडणारी कळ आहे, असे तू म्हणालास. ती कळ प्राणवायू मोजते, हा विषारी वायू मोजत नाही. त्याचा इशारा देणारे यंत्र वेगळे मिळते. घरात लावायचे नको, फिरत्या घरांसाठी केलेले, थंडी सोसणारे घे, आणि दोन घे, आणि मुली जिथे निजतील तिथे त्यांच्या उशाच्या उंचीवर एक लाव. निजताना तो हीटर बंद कर. सगळ्यांना थंडी वाजेल. वाजू दे. शिवाय गॅस जळताना त्यातून पाण्याची वाफ निघते, ती तुझ्या त्या सुंदर प्लायवर धरेल आणि दोन हिवाळ्यांत सांधे फुगतील, म्हणजे

हे वाचून पाहिले तेव्हा वर्गात उभा असल्यासारखा बोलतो आहे असे माझ्याच लक्षात आले. क्षमा कर. तू इंजिनिअर आहेस, यातले बरेचसे तुला माझ्यापेक्षा चांगले कळते, आणि तू माझ्यासारखा हट्टीही आहेस, हेच अडते.

भिंतीतल्या हीटरच्या पैशांविषयी. माळ्यावर सागाच्या सात फळ्या आहेत, त्या मी नातींच्या लग्नात देव्हारा करून द्यायला ठेवल्या आहेत. मोठीला सहावे चालू आहे, लग्नापर्यंत नवे साग मिळेल. गिऱ्हाईक आलेले आहे. तू नको म्हणशील म्हणून आधीच लिहितो की मी पैसे पाठवीन आणि तू परत पाठवलेस तर मी पुन्हा पाठवीन. पुढच्या वर्षीची गोष्ट यंदा कर.

बाकी नियम तुला ठाऊक असतीलच. रात्रभर ठेवलेल्या घराला चारी बाजूंनी चमकत्या पट्ट्या लागतात, नाव-पत्ता दोन इंचांच्या अक्षरांत बाहेर लिहावा लागतो, दुसऱ्याच्या घरापासून दहा फूट दूर राहावे लागते, आणि तुमच्या भागात मार्चच्या पहिल्या सोमवारी सगळे उचलून काठावर आणावे लागते. अक्षरे तू स्वतः रंगव, छापील चिकटवू नको. रात्री बर्फ हुंकारतो त्याचे तू रेकॉर्डिंग पाठवले होतेस, ते मी आईला ऐकवले. ती म्हणाली, पोटात वारा धरलेल्या म्हशीसारखा आवाज आहे.

नाताळात सगळे मिळून पहिल्यांदा जाणार आहात ना? तीन रात्री म्हणालास. बर्फ वीस इंच झाला नाही तर जाणार नाही, हे तू मला सांगितले आहेस आणि माझा त्यावर विश्वास आहे. हवेविषयी तू मला अजून काही सांगितलेले नाहीस. भोके पाडलीस की फोटो पाठव, एक आतून आणि एक बाहेरून, आणि पट्टी लावून काढ म्हणजे मला माप दिसेल.

सूनबाईला आशीर्वाद, मुलींना गोड पापा.

तुझा
अण्णा

ता. क. आई विचारते की तो वॉलआय मासा तिरफळ घालून होतो का. त्याला तेल कमी, म्हणजे बांगड्यासारखा लागणार नाही, असे मी म्हटले. तरी ती पावशेर तिरफळे बांधून देते आहे. ताईच्या दिरांबरोबर पाठवतो. त्याच पुडक्यात माझे जुने गिरमीट आहे, बर्फाला नव्हे, भिंतीला. त्याने आधी बारीक भोक पाडून घे, म्हणजे प्लाय चिरणार नाही.