डोळे दिपले

बंड्या,

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही, कबूल. शिव्या फोनवर दे. शुगर आहे तिथेच, गुडघा कुरकुरतो. पुढे.

नववीच्या इंग्रजीच्या पेपरात एका पोरीनं लिहिलं, 'माय आइज डॅझल्ड', म्हणजे माझे डोळे दिपले. रात्री उसाच्या ट्रॅक्टरचा लाइट डोळ्यांवर आला, त्याचं वर्णन. मी लाल रेघ मारली, अर्धा मार्क कापला. वर वर्गात म्हणालो, "अगं, डॅझल करतो तो उजेड, डोळे नाही करत." पोरं खिदळली. दहावीला तुझ्या याच वाक्यावर कोण खिदळलं होतं, आठवतंय? आठवडाभर बोलला नाहीस आणि माझी सायकल पंक्चर केलीस. (तूच. आता तरी कबूल हो.)

परवा मोठी डिक्शनरी उघडली आणि मटकन बसलो. डॅझल आला 'डेझ'वरून, डेझचं मूळ जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत. तिथे अर्थ काय, तर थकून गळून जाणं. उजेडाचा पत्ताच नाही! शेवटचा 'ल' म्हणजे तेच पुन्हा पुन्हा होणं, ट्विंकल-स्पार्कलमधला; आपलं लुकलुकणं, चमचमणं तसं. पंधराव्या शतकात डॅझल म्हणजे गांगरणं. आधी डोळेच डॅझल व्हायचे, शेक्सपिअरच्या पात्राचेसुद्धा. उजेडानं दिपवणं 1530च्या सुमाराचं, थाटामाटानं दिपवणं त्याच्याही नंतरचं. आज 'डोळे डॅझल झाले' असं फारसं कोणी लिहीत नाही, पण चूक नाही रे!

आणि आपलं 'दिपणं' बघ. मूळ दीप्, म्हणजे उजळणं. आपण मात्र डोळे मिटायची वेळ आली की म्हणतो दिपले. इंग्रजी शब्द थकव्यातून उजेडाकडे गेला, आपला उलट्या वाटेनं आला.

तू बोटीवरचा म्हणून सांगतो: 1917 साली नॉर्मन विल्किन्सन नावाच्या चित्रकारानं जहाजांवर आडवेतिडवे पट्टे रंगवायची कल्पना काढली. जहाज लपवायला नाही, पाणबुडीवाल्याला दिशेचा अंदाज चुकवायला. नाव काय? डॅझल! गांगरणं तिथे जिवंत राहिलं.

अर्धा मार्क देईन रे, त्याचं काय. पण त्या दिवसापासून ती पोरगी हात वर करत नाही. चूक कबूल करायची तर 22 वर्षांच्या बाकीच्या लाल रेघांचं काय? रात्री त्याच मोजत पडतो.

धाकट्याचं ठरलं का? वहिनींचं प्लास्टर निघालं असेलच.

तेव्हा मी काय म्हणालो असतो तर तू पंक्चर केली नसतीस? तेवढं कळव. सोमवारी नववीवर तास आहे.

तुझा,
दिन्या