पुलाच्या केबलींचे ग्राउटिंगही तपासा

महोदय,

पुलांच्या बातम्यांत काँक्रीटच्या प्रतीची चर्चा होते, आतल्या ताणलेल्या केबलींबद्दल कोणी विचारत नाही. केबली ताणून काँक्रीट आधीच दाबून ठेवण्याचे हे तंत्र (पूर्वताणित काँक्रीट) फ्रेंच अभियंता युजीन फ्रेसिने यांचे. त्यांच्या व्हर्द्र पुलाच्या कमानी १९११ नंतर हळूहळू खचू लागल्या. माथ्याशी जॅक लावून त्यांनी त्या पुन्हा उचलल्या. काँक्रीट सततच्या दाबाखाली आखडत राहते, हे त्यातून उमगले.

साधी सळई १४० न्यूटन प्रति चौरस मिमी ताणली, तर मीटरमागे जेमतेम ०.७ मिमी लांबते. काँक्रीटही जवळपास तितकेच आखडते, म्हणजे ताण संपलाच! उच्च ताकदीची तार १००० न्यूटन प्रति चौरस मिमीला मीटरमागे ५ मिमी लांबते. बहुतेक ताण टिकतो. त्यांच्या १९२८ च्या पेटंटचे मर्म हेच.

घोडे अडते ते ग्राउटिंगपाशी, म्हणजे केबल गंजू नये म्हणून तिच्या नळीत सिमेंट-पाण्याचे मिश्रण (ग्राउट) भरण्यापाशी. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. सखल टोकाकडून भरत जावे, उंचावरच्या भोकातून तितकाच दाट ग्राउट येईपर्यंत. पाणी वाढले की सिमेंट खाली बसते, नळीच्या उंच भागात पोकळी राहते आणि तार तिथेच गंजते. वरून काँक्रीट ठणठणीत दिसते. ५ जुलै १९८६ रोजी कोसळलेल्या गोव्यातल्या मांडवी पुलाच्या केबलीही गंजल्या होत्या. प्रत्येक पुलाच्या तपासणी अहवालात ग्राउटिंगची केबलनिहाय नोंद जाहीर करावी.

– एक स्थापत्य अभियंता, पुणे