फरकाचे पैसे आणि उन्हाळ्याची सुट्टी

ब्रॅम्प्टन, ऑन्टारियो
११ मे २०२५

प्रिय सुनंदा,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. रेवाचा एलटीओ जूनअखेर संपतोय, मग ईआय मिळेल का, आणि मध्येच मागच्या पगारवाढीचा फरक जमा झाला तर तो भत्त्यातून कापतील का, हे तू मला सांगलीहून विचारतेस. ती पोरगी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर राहते! मावशीला विचारायला लाजते म्हणे. आता हे पत्रच तिला पाठव.

तुझ्यासाठी आधी थोडं सांगते. बाळंतपणाच्या किंवा आजारपणाच्या रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी काही महिने शिकवायचं, तो एलटीओ. ईआय म्हणजे बेकारी विमा, त्याचा हप्ता दर पगारातून जातो. कायम शिक्षकांना उन्हाळ्यात ईआयचा नेहमीचा भत्ता, म्हणजे काम नसताना मिळणारा, मिळत नाही, कारण त्यांची नोकरी चालूच असते. आमच्यासारख्या एलटीओवाल्यांचा करार जूनमध्ये खरोखर संपला तर मिळतो. पण सप्टेंबरची ऑर्डर जूनमध्येच हातात पडली, तर करार संपलाच कुठे, असा प्रश्न येतो आणि तिथे बऱ्याच जणी अडकतात. रेवाने हे आधी नीट बघावं.

आता फरक. २०१९ साली इथल्या सरकारने बिल १२४ आणलं. तीन वर्षं पगारवाढ वर्षाला एक टक्क्याच्या वर नाही, शिक्षक असो की नर्स. नोव्हेंबर २०२२ मध्ये कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये अपील कोर्टानेही तेच म्हटलं. त्याच सुमारास लवादाने आम्हाला त्या तीन वर्षांसाठी ०.७५, ०.७५ आणि २.७५ टक्के जास्तीचे दिले. तुमच्या सातव्या वेतन आयोगाच्या फरकासारखंच, फक्त पीएफमध्ये पाच हप्ते न पाडता एकदम.

माझा फरक नेमका गेल्या वर्षी जुलैमध्ये आला, ईआय चालू असताना. पेस्लिपवर एकच ओळ: रेट्रो, ६,१४० डॉलर. हातात आले जेमतेम चार हजार. त्या वर्षांत पहाटे साडेपाचला सप्लायसाठी, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी त्या दिवसापुरतं शिकवायला, फोन वाजायचा, मशीनचा आवाज यायचा, हवी तर एक दाबा. मी अंधारात एक दाबायची आणि गाडीवरचा बर्फ खरवडायला बाहेर पडायची. त्या सगळ्या सकाळी त्या एका ओळीत बसल्या होत्या. जरा वेळ नुसती बघत राहिले.

मग केला गाढवपणा. ईआयवर असताना दर दोन आठवड्यांनी ऑनलाइन रिपोर्ट भरायचा असतो: काम केलं का, काही मिळकत झाली का. रविवारी पोह्यांचा कांदा परतत एका हाताने तो भरत होते. मिळकत? हो. किती? ६,१४०. सरळ त्याच आठवड्यात टाकले. प्रामाणिकपणा अंगाशी आला, त्या आठवड्याचा भत्ता शून्य. कारण ईआयवर असताना डॉलर कमावला की भत्त्यातले पन्नास सेंट जातात आणि ठरावीक मर्यादेच्या वर तर पूर्ण डॉलरच जातो. गेल्या वर्षी कमाल भत्ता आठवड्याला ६६८ होता, म्हणजे तेवढे माझे बुडाले.

खरं तर ईआयच्या नियमावलीत कलम ३५, पोटकलम ७ मध्ये चक्क लिहिलंय की पगारातली पूर्वलक्षी वाढ ही मिळकत धरायची नाही. ते मला युनियनमधल्या एका बाईंनी दाखवलं. स्कूल बोर्डाकडून पत्र मागवलं की ही रक्कम जुन्या वर्षांच्या वाढीची आहे. पेरोलवाल्यांनी त्या चार ओळींसाठी तीन आठवडे घेतले. मग फोन करून रिपोर्ट दुरुस्त करून घेतला आणि ६६८ परत आले. निर्णयच पटला नाही तर फेरविचार मागायला तीस दिवस असतात, हेही रेवाच्या कानावर घाल.

मला वाटलं, सुटले. या एप्रिलमध्ये टॅक्स भरताना कळलं की सुटले नव्हते. भत्त्याच्या हिशेबात फरक धरत नाहीत, पण टॅक्समध्ये तो ज्या वर्षी हातात येतो त्या वर्षीचं उत्पन्न. आणि निव्वळ उत्पन्न एका रेषेच्या वर गेलं की नेहमीच्या भत्त्यातला काही भाग परत करावा लागतो. २०२४ ची रेषा होती ७९,०००. फरक नसता तर मी आरामात खाली होते. फरकामुळे २,४०० वर गेले, त्याचे तीस टक्के, ७२० डॉलर! वाचवलेल्या ६६८ पेक्षा बावन्न जास्तच. मागच्या दहा वर्षांत नेहमीचा भत्ता घेतलाच नसेल तर ही वसुली होत नाही. रेवाची पहिलीच वेळ, ती वाचेल. मी २०२१ च्या उन्हाळ्यात घेतला होता. तुमच्याकडे फरकावर सवलतीसाठी १०ई भरतात ना, तसा इथे टी११९८ फॉर्म आहे. लवादाचा फरक निदान ३,००० असेल तर टॅक्स जुन्या वर्षांवर पसरून मोजायला सांगता येतो. पण या रेषेच्या हिशेबात त्याचा उपयोग नाही, तिथे सगळी रक्कम धरतात.

बोनसचं मात्र निराळं. वरची सवलत पगारवाढीला आहे, बोनसला नाही. नोकरी संपली म्हणून दिलेला बोनस किंवा साठलेल्या सुट्टीचे पैसे एरवी नोकरी सुटल्याच्या आठवड्यापासून पुढे वाटतात आणि भत्ता तितका उशिरा सुरू होतो. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या गोंधळामुळे २०२५ च्या मार्चअखेरपासून त्यात तात्पुरती ढील दिली, सुरुवातीचा बिनभत्त्याचा आठवडाही तेवढ्यापुरता माफ केला. त्यामुळे रेवाने पेस्लिपवरच्या रकमेला काय नाव दिलंय ते वाचावं. बोर्डाची माणसं बोलताना सगळ्यालाच 'रेट्रो' म्हणतात.

तिला म्हणावं, जूनची शेवटची पेस्लिप घेऊन रविवारी जेवायलाच ये. रिपोर्ट आपण टेबलावर बसून भरू, गॅसपाशी नाही.

तुझा शेवटचा हप्ता पीएफला लागला का गं?

तुझी,
मीना