अमेरिकेतल्या ब्रन्सविकहून पत्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

मी मजेत आहे. थंडी पडली, पण घरात हीटर आहे आणि जेवते वेळेवर, त्यामुळे पुन्हा पुन्हा विचारू नका.

रविवारी इथल्या बोडन कॉलेजच्या संग्रहालयात गेले. तिकीट नसतं, म्हणजे पैसे उडवले नाहीत. तिथे सॅम्युअल वाल्डो नावाच्या ब्रिगेडियरचं आठेक फूट उंच चित्र आहे, रॉबर्ट फीकने 1748 च्या सुमारास काढलेलं. 1745 मध्ये फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घेतला त्यात हा होता, म्हणून मागे तो वेढा रंगवलाय. पण खरा माणूस जमिनीचा. इथे मेन राज्यात साडेपाच लाखांवर एकर याच्या नावावर, तेही कागदोपत्री, कारण राहत होते तिथे इथले मूळचे वाबनाकी लोक. बाबा, आपल्या गावच्या पाटलांचा रुबाब याच्यापुढे काहीच नाही! जमीन वसवायला त्याने जर्मन कुटुंबं बोलावली. त्यांच्या वाल्डोबरो गावच्या दफनभूमीत दगडावर कोरलंय की भरभराटीचं शहर मिळेल या आशेने ती आली आणि मिळालं नुसतं रान. 1759 साली पेनॉब्स्कॉट नदीवरच्या मोहिमेत वाल्डो अचानक वारला, स्वतःच्या जमिनीच्या हद्दीपाशीच म्हणतात.

आई, लगेच डोळे पुसू नकोस. मला कुणी फसवून आणलेलं नाही, मीच हट्टाने आले.

एक गंमत सांगते, बाबांना पटणार नाही. रस्त्याकडेला टेबलावर अंडी, सरपणाच्या मोळ्या ठेवलेल्या असतात. माणूस कुणीच नाही. दर लिहिलेला आणि शेजारी पैशांचा डबा. आपण अंडी घ्यायची, नोटा टाकायच्या, सुटे आपणच मोजून घ्यायचे. कॅमेरा नाही, कुत्रासुद्धा नाही. पहिल्यांदा मी घराकडे बघून दोनदा हाक मारली. कुणी बाहेर आलं नाही, उलट खिडकीतून बघून पडदा ओढला. आता सवय झाली, तरी डब्यात पैसे टाकताना जरा मुद्दाम खुळखुळवते.

या महिन्यात पैसे कमी पाठवलेत. भाडं वाढलं, बाकी काही नाही.

पुण्याच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगलाच असेल. माझ्यामुळे काकूंपुढे तुमची मान खाली जाते हे मला कळतं.

दादाने पाठवलेलं हक्कसोडपत्र मिळालं. सही करायची नाही असं नाही. पण उन्हाळ्यात आले की विहिरीकडचा तुकडा एकदा बघते, मग बोलू. वहिनीला सांगा, भांडायला येत नाहीये.

बाबांच्या मोतीबिंदूला मला येता येणार नाही. दादाला रजा काढायला सांगा, बिल माझ्याकडे पाठवा. सगळं पाठवा, औषधांचंसुद्धा.

तुमची,
माई