वाढलेल्या पानावरून

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुझा आवाज चढला आणि माझाही. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "आता बोलू नका, लिहा." म्हणून लिहायला बसलोय.

तुझ्या बोलण्यातून मला कळलं ते असं. तुमच्या कार्यकारिणीतल्या सहकाऱ्याने नव्या घरात सत्यनारायण घातला, आईच्या शेजारी सोवळं नेसून पूजेला बसला, आणि कुणीतरी तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकला. त्याला पक्षातून काढण्याचा ठराव रविवारच्या बैठकीत येतोय आणि तो तू मांडणार आहेस. हा तोच मुलगा ना, जो आठ वर्षं घरकामगार बायकांची संघटना चालवतोय, ज्याच्याबद्दल तूच मला किती वेळा कौतुकाने सांगितलंस?

"बाबा, विचारांशी तडजोड केली की पक्ष उरत नाही," असं तू म्हणालीस. हेच वाक्य मी बारा वर्षांचा असताना आपल्या गावच्या घरात काकांच्या तोंडून ऐकलं होतं. तुला ती हकिगत अर्धीमुर्धी माहीत आहे. आज पुरती सांगतो.

माझे वडील अप्पा आणि काका, दोघेही राष्ट्र सेवा दलातून आलेले. दोघांनी मिळून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांच्या सतरंज्या उचलल्या होत्या. जून १९६४ मध्ये प्रजासमाजवादी आणि राममनोहर लोहियांचा सोशालिस्ट पक्ष एक होऊन संयुक्त समाजवादी पक्ष झाला, एसेम जोशी अध्यक्ष झाले, तेव्हा काकांनी घरी पेढे आणले होते. वर्षही सरलं नाही. १९६५ च्या सुरुवातीलाच वाराणसीच्या अधिवेशनानंतर पक्ष पुन्हा फुटला. नानासाहेब गोरे, आपले कोकणचे खासदार नाथ पै प्रजासमाजवादीत परतले, एसेम संयुक्त समाजवादीत राहिले. अप्पा नाथ पैंचे, काका लोहिया-एसेमचे. एकाच घराच्या ओटीवर दोन पक्ष.

त्या वर्षीच्या चतुर्थीला दुसऱ्या दिवशीच्या पंगतीत वाद निघाला. काका म्हणाले, गोळ्या घालणाऱ्यांच्या पक्षात तुम्ही परत गेलात. अप्पा म्हणाले, तुम्हाला मोडतोडीशिवाय दुसरं येतं काय? काकांच्या पानावर भात होता, वरण वाढून झालेलं, मोदक अजून यायचा होता. ते तसेच उठले.

गोळ्यांचा विषय तुला नीट माहीत हवा, कारण तुमच्या भांडणाचं मूळ तिथवर जातं असं मला वाटतं. १९५४ मध्ये त्रावणकोर-कोचीन राज्यात, म्हणजे आजच्या केरळच्या बाजूला, पट्टम थाणू पिळ्ळे यांचं प्रजासमाजवादी सरकार होतं. पक्षाचे आमदार अवघे १९, टेकू काँग्रेसचा. ऑगस्टमध्ये तिथल्या तमिळ भागातल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला, माणसं मेली. लोहिया पक्षाचे सरचिटणीस, तेव्हा नैनीच्या तुरुंगात. त्यांनी तिथून स्वतःच्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याचा राजीनामा मागितला. आपल्या राज्यात निःशस्त्र माणसावर गोळी चालली तर आपण आणि काँग्रेस यांत फरक काय, हा त्यांचा सवाल होता. बाय, मी आजही त्यांच्या बाजूने आहे. पिळ्ळे पायउतार व्हायला हवे होते. ते झाले नाहीत, पक्षाने त्यांना सांभाळून घेतलं, आणि ते सरकार फेब्रुवारी १९५५ मध्ये काँग्रेसने टेकू काढताच पडलंच.

पण पुढे काय झालं बघ. सवाल एका कृतीचा होता. तिथून तो माणसांवर घसरला. मुंबईत लोहियांच्या बाजूचे मधू लिमये निलंबित झाले, मग लोहिया निलंबित झाले, आणि १९५५ संपता संपता हैदराबादेत वेगळा पक्ष उभा राहिला. मेलेल्या माणसांची चौकशी मागे पडली आणि कोण खरा समाजवादी याची चौकशी सुरू झाली. ती पुढची पंचवीस वर्षं चालली.

काकांचं भय खोटं होतं असं मी म्हणणार नाही. प्रजासमाजवादीचे नेते अशोक मेहता १९६३ मध्ये नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, मग काँग्रेसमध्ये गेले, त्यांच्यामागे कितीतरी जण गेले. विचार पातळ होत होत पक्ष कसा विरघळतो, हे काकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तुझ्या मनातली भीती तीच आहे. ती रास्त आहे.

मात्र १९६७ उजाडलं आणि बिहारमध्ये संयुक्त समाजवादी, प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट आणि जनसंघ एका मंत्रिमंडळात बसले. पाटण्यात दोघांचे पक्ष मांडीला मांडी लावून राज्य करत होते आणि इकडे दोन सख्खे भाऊ एका पंगतीला बसत नव्हते. काका दर चतुर्थीला यायचे, आरतीला उभे राहायचे, झांजा वाजवायचे आणि मंत्रपुष्पांजली झाली की चपला घालून निघून जायचे. आजी त्यांचं पान दरवर्षी मांडायची. केळीचं पान, कडेला मीठ, लिंबाची फोड, बाकी रिकामं. जेवणं उरकली की ते पान मी गोठ्यात नेऊन गाईपुढे टाकायचो. आजी एवढंच म्हणायची, "मत खंय घालूचा थंय घाल, पण वाढलेल्या पानावरसून उठा नको."

आणि एक गोष्ट मला परवापासून सारखी आठवतेय. दोघेही भाऊ नास्तिक होते. देवावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. गणपती आजीचा होता. इतकं कडाक्याचं भांडण, एकमेकांची सगळी उणीदुणी काढून झाली, पण "तू गणपतीपुढे उभा राहतोस, तू कसला समाजवादी" हे दोघांपैकी एकानेही कधी काढलं नाही. ते मोजायचं माप आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

१८ जानेवारी १९७१ ला नाथ पै बेळगावात गेले. अट्ठेचाळीस वर्षांचे होते. त्या रात्री उशिरा खळ्यात बॅटरीचा उजेड दिसला. काका होते. पडवीच्या बाकावर बसले, बोलले काहीच नाहीत. अप्पा बाहेर आले, शेजारी बसले. आजीने दोघांपुढे पेज ठेवली, वर खाराची कैरी. काकांनी वाटी उचलली. दोन महिन्यांनी मधू दंडवते नाथ पैंच्या जागी राजापुरातून उभे राहिले तेव्हा काका सायकलवरून त्यांची पत्रकं वाटत होते, पक्षाला न विचारता.

आता माझं सांगतो. हे तुला आजवर सांगितलेलं नाही.

आणीबाणीनंतर आम्ही पाचपंचवीस जण एका छोट्या संघटनेत होतो. तिचं नाव लिहीत नाही. आमच्यातला एक जण तुरुंगातून हमीपत्र लिहून देऊन लवकर सुटला होता. बायको आजारी होती, घरात दुसरं कुणी नव्हतं. १९७८ मध्ये त्याला काढायचा ठराव आला आणि अनुमोदन मी दिलं. आणीबाणीत मी स्वतः एक दिवसही आत नव्हतो. तो काजूच्या कारखान्यातल्या बायकांमध्ये काम करायचा. सोलताना चिकाने काळे पडलेले त्यांचे हात त्याला ओळखीचे होते, कुणाचा हिशोब मुकादमाने कुठे कापलाय हे त्याला तोंडपाठ होतं. तो गेल्यावर आम्ही तिथे दोनतीन बैठका घेतल्या. बायका यायच्या, बसायच्या, विचारायच्या, "ते भाऊ कुठे गेले?" पावसाळ्यानंतर त्या यायच्या बंद झाल्या. आमचा ठराव मात्र अतिशय शुद्ध मराठीत लिहिलेला होता, मीच लिहिला होता.

नंतर त्याच्या घरावरून कितीदा गेलो. आत गेलो नाही. आता तो नाही.

तू म्हणशील, मग काहीच चालवून घ्यायचं का? नाही. उद्या त्याने घरकामगार बायकांची वर्गणी खाल्ली, एखाद्या मालकाशी परस्पर तोड केली, पक्षाच्या नावावर कुणाला जातीवरून बोलला, तर मी सांगतो, एक दिवस थांबू नकोस. १९५४ मध्ये लोहिया थांबले नाहीत ते बरोबरच होतं. पण सत्यनारायणाने कुणाचं काय गेलं ते मला सांग. त्याच्या आईने धुणीभांडी करून ते घर उभं केलं असं तूच म्हणाली होतीस. तिने मुलाला शेजारी बसायला सांगितलं आणि तो बसला. तुला पटत नसेल तर त्याच्याशी भांड, चांगलं तासभर भांड, अभ्यासवर्गात विषय घे. काढून टाकणं ही वेगळी गोष्ट आहे, ती उलटी फिरत नाही.

एसेमांचं एक बघ. बेचाळीसला कम्युनिस्ट चले जावच्या विरोधात होते आणि एसेम भूमिगत होऊन फिरत होते. तो राग साधा नव्हता. तरी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस म्हणून ते कम्युनिस्ट डांग्यांच्या शेजारी बसले, चार वर्षं बसले. त्यात एसेमांचा समाजवाद पातळ झाला असं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. नानासाहेब आणि ते १९६५ नंतर दोन पक्षांत होते, पण मैत्री अखेरपर्यंत तुटली नाही.

ठराव मांडायचा की नाही ते तूच ठरव. मी तुमच्या पक्षाचा सभासद नाही. पण बैठक रविवारी आहे ना? मग शनिवारी त्याच्या घरी जा. ग्रुपवर लिहू नकोस, फोनही करू नकोस, थेट जा. त्याची आई चहा करेल, तो पी. तिला विचार घराचे हप्ते किती राहिलेत.

तुझ्या आईने कोकमं आणि कुळथाचं पीठ गावच्या मुलाबरोबर पाठवलंय, तो शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघेल. कोकमाच्या दोन पिशव्या आहेत. एक त्यांच्याकडे नेलीस तरी चालेल.

तुझे
बाबा